दूर्वांच्या मापाचं मशीन

रोह्याला लागून वरशात आम्ही बंगला बांधला, तेव्हा पुढच्या जागेत मला भाजी लावायची होती आणि नवऱ्याला लॉन. कंपनीतल्या साहेबाच्या दारात असतं तसं. झालं, लॉन लागलं. होती आपली हरळीच, पण म्हणायचं लॉन. पाणी मी घालायचं आणि रविवारी खुर्ची टाकून लॉनकडे बघत नवऱ्यानं बसायचं.

त्या लॉनचा खरा उपयोग केला तो सासूबाईंनी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. सगळा जन्म गागोद्याच्या शेतात राबण्यात गेलेला, आणि आता घरातल्या एका कामाला मी त्यांना हात लावू देत नव्हते. सांडतील, भाजतील, पडतील, माझी भीती संपायचीच नाही. उरलं होतं एकच काम, देवाच्या दूर्वा. सकाळी तबक घेऊन त्या हरळीत फतकल मारायच्या आणि चाचपून चाचपून खुडायच्या. तीन पात्यांचा शेंडा बोटांना बरोबर कळायचा. एकवीस झाले की जुडी. मी चोरून तपासायचे. एकही चुकलेला सापडायचा नाही, याचा मला थोडा रागच यायचा.

एका श्रावणात त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर फुरसं दिसलं, विषारी साप. मी किंचाळले.

"वरडतेस काय गो? जाईल तो त्याच्या वाटेनं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसल्या. रागावून झालं, विनवून झालं. नवरा पहिल्या शिफ्टला निघता निघता म्हणाला, "गवत कापायचं मशीनच आण."

म्हणून मी पेणला दुकानात गेले.

"लॉन केवढं?" दुकानदारानं विचारलं.

"आहे आमच्यापुरतं."

"म्हणजे माणसं किती बसतात? लग्नं मोठी असतात का?"

लग्नाचं नव्हे, घरापुढचं, हे कळल्यावर त्याचा उत्साह जरा ओसरला. तरी त्यानं सगळं दाखवलं. लाटण्यासारखी पाती फिरणारं, हातानं ढकलायचं. सपाट जागेला छान, पण पावसात माजलेलं गवत ते नुसतंच आडवं करणार. विजेवरचं हलकं, पण ओल्या गवतात मागे वायर ओढायची म्हणजे कठीणच. खांद्याला अडकवायचं ते बांधावरच्या रानासाठी. राहिलं पेट्रोलचं, चार चाकांचं. त्याची पाती पोटाखाली, आणि बाजूला एक दांडा. दांडा वरच्या खाचेत टाकला की गवत चार बोटं राहतं, खालच्या खाचेत टाकला की जेमतेम बोटभर.

मी विचारलं, "फुरसं दिसेल आणि दूर्वाही राहतील, अशी खाच कुठली?"

बिचाऱ्यानं खरंच वाकून दांडा वरखाली करून पाहिला. "तेवढं नाय हो वहिनी मशीनमध्ये," तो म्हणाला.

पेट्रोलचं घेतलं. सासूबाईंना दोन दिवस नणंदेकडे खांबला पाठवलं आणि नवऱ्याला सांगून सगळ्यात खालच्या खाचेवर लॉन कापून घेतलं. त्यांना सांगितलं नाही. भांडण नको होतं. दूर्वा मिळाल्या नाहीत की कंटाळून ओटीवर बसतील, असा माझा हिशेब.

परत आल्या त्या सकाळी त्या तासभर बाहेर होत्या. रिकामं तबक तसंच देवापुढे ठेवलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्या उन्हात बसून बोटांना खोबरेल चोळत होत्या. एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत.

"काय झालं आई?"

"डोळे गेले ते गेले. आता बोटांना पण कळत नाय गो. दूर्वा हाताखाली हायत आणि मला लागत नायत."

मी सगळं सांगून टाकलं.

"इळ्यानं कापलेलं टोचतं," त्या म्हणाल्या. "हे टोचत नाय. माझी समजूत नको घालूस."

मी त्यांना हाताला धरून मशीनपाशी नेलं. त्यांनी दांडा चाचपला, चाकं चाचपली. "पाती कुठं हायत ह्याची?"

पाती पोटाखाली होती. तिथं मी त्यांना हात घालू देणं शक्यच नव्हतं.

"दिसलं," म्हणून त्या आत गेल्या. विश्वास बसला नव्हताच.

मी दांडा सगळ्यात वरच्या खाचेत टाकला. पण कापलेली हरळी दांड्यानं वर येत नाही. दूर्वा यायला पंधरा दिवस तरी हवे होते. ते पंधरा दिवस रोज सकाळी मी त्यांच्यापुढे बसून, काहीही न झालेल्या त्या दहा बोटांना तेल चोळत राहिले.