पिवळ्या नळीवरचा हात

हे माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या ईराण्णापाशी तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा मंद्रूपला गेलो, ईराण्णाच्या विहिरीवर जरा बसलो, म्हणून असेल. थांबा — विहिरीपासूनच सुरू करतो. तिथून सांगणं मला सोपं जातं.

माझं सोलापुरात चष्म्याचं दुकान आहे, पण लहानपण सगळं मंद्रूपचं. ईराण्णा शेजारचा, माझ्याच वर्गातला. त्यांच्या मळ्यात काळ्या दगडानं बांधलेली मोठी विहीर होती. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला लिंबाचं झाड. उन्हाळ्यात आमचा मुक्कामच तिथं. वरून मुटके मारायचे, डोळे लाल होईपर्यंत डुंबायचं, मग तापलेल्या दगडावर पालथं पडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. त्या दगडाचा चटका पोटाला अजून आठवतो. तसली भूक पुन्हा कधी लागली नाही मला. का लागली नसेल?

पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकायचं, ही आमच्याकडची रीत. मला शिकवलं ईराण्णानं. माझ्या हनुवटीखाली हात धरून तो मला विहीरभर फिरवायचा. एकदा मधोमध असताना डब्याची दोरी सुटली. डबा एकीकडे, मी एकीकडे — आणि मी दोन्ही हातांनी ईराण्णाचा गळाच धरला. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तरी मला गळ्यात घेऊनच तो कसाबसा पायरीपर्यंत आला. माझ्या नखांचे ओरखडे त्याच्या मानेवर बरेच दिवस होते. घरी त्यानं मांजरानं ओरबाडलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विहिरीतला नियम शिकवला. "बुडणारा गळ्यात पडला की वर यायची धडपड करायची न्हाय. खाली बुडी मारायची. तो आपसूक सोडतोय."

मी विचारलं, मग काल तू का नाही मारलीस?

"मारली असती तर तू गळा सोडला असतास की," म्हणाला, आणि धाडकन मुटका मारून मोकळा झाला.

ही गोष्ट मी दुकानात किती गिऱ्हाइकांना सांगितली असेल! फ्रेम बघता बघता लोक हसतात, बरं वाटतं. पण मी नेहमी इथंच थांबतो. पुढची गोष्ट समुद्रातली आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर ईराण्णाच्या डोक्यात खूळ शिरलं. विहिरीचा तळ बघून झाला, आता समुद्राचा बघायचा. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं रीतसर शिक्षण मालवणकडे मिळतं, असं त्यानं कुठून तरी काढलं होतं. "पुन्हा पाठीला डबाच बांधायचा हाय, चल की," म्हणाला. खरं सांगू? मला तेव्हा फार आनंद झाला. दोघांचीही पोरं मोठी झाली होती, आणि आम्ही दोघं एसटीत शेजारी बसून शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे निघालो. ईराण्णा मासे खात नाही, म्हणून त्यानं पिशवीभर कडक भाकऱ्या आणि चटणीचा डबा घेतला होता. मी जवळ घेतली माझ्या चष्म्याच्या नंबरची काच — पाण्याखालच्या मास्कला बसवायला. तेवढी काच लक्षात ठेवा.

शिकवताना तिथल्या सरांनी सगळ्यात जास्त घोकून घेतली ती एक गोष्ट. प्रत्येकाच्या टाकीला श्वासाच्या दोन नळ्या असतात. एक आपल्या तोंडात. दुसरी पिवळी, छातीवर अडकवलेली — ती आपली नव्हेच, जोडीदाराची. त्याची हवा संपली की त्यानं हात आडवा, सपाट करून गळ्यासमोरून फिरवायचा. ती खूण दिसली की आपण पिवळी नळी त्याच्या तोंडाशी द्यायची, एकमेकांचा दंड धरायचा आणि सावकाश वर यायचं. आणि वर येताना श्वास कोंडायचा नाही, सोडत राहायचं. खोलवर घेतलेली हवा वर येताना फुगते, कोंडली तर फुप्फुस फाटतं. विहिरीत वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. आम्ही जन्मभर दम धरूनच वर आलेलो.

त्या खुणेची आम्ही थट्टाच करून टाकली होती. रात्री जेवताना कडक भाकरी घशात अडकली की ईराण्णा गंभीर चेहऱ्यानं गळ्यासमोर हात आडवा फिरवायचा, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करायचो. खानावळवाले आम्हाला येडे समजायचे. कितीदा केलं असेल ते! म्हणजे ती खूण मला ठाऊक नव्हती असं — नाही, असं म्हणायला जागाच नाही.

शेवटच्या दिवशी पाणी जरा गढूळ होतं. सर पुढे, पाठमोरे. मागे आम्ही दोघं. ईराण्णा पोरासारखा खूश — खडकाखाली डोकाव, माशामागे जा. हवेचा काटा बघायचं विसरला असणार. मी मात्र नुकताच माझा बघितला होता. माझ्याकडे हवा भरपूर होती, दोघांना आरामात वर नेईल इतकी. मग तो माझ्याकडे वळला.

पुढचं मी बोटीवर जसं सांगितलं तसं आधी सांगतो. मी म्हणालो, तो अंगावर धावून आला, मला वाटलं गळ्यात पडतोय, आणि लहानपणची सवय — आपसूक खाली बुडी मारली गेली. सगळ्यांना पटलं. सरांनाही पटलं. ईराण्णा एकटाच वर गेला होता, घाबरून, भरभर, आणि दम कोंडून. बोटीवर त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता. फुप्फुसाला इजा झाली होती. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. तिथं मी त्याच्या उशाशी बसून पुन्हा तेच सांगितलं, आणि तो, धाप लागलेली असताना, हसला. "मीच शिकवलं की तुला तसं. तुझं काय चुकलं?"

आता खरं काय ते.

ईराण्णा अंगावर आला नव्हता. तो हातभर अंतर राखून थांबला होता. हात सपाट, आडवा, गळ्यासमोर — अगदी शिकवला तसा. मास्कला माझ्याच नंबरची काच होती. मला त्याची बोटंसुद्धा स्वच्छ दिसली. त्याची नजर पिवळ्या नळीकडे गेली, त्याच्या आधी माझा हात तिथं पोचला होता. मी ती छातीशी दाबून धरली. मनात एवढंच आलं — ही माझी आहे. मग पाय मारून मी खाली, बाजूला गेलो. सवयीनं नाही. समजून उमजून गेलो. माझा तो हात त्यानं पाहिला का? मी कधी विचारलं नाही.

मी भ्यायलो, हे तर झालंच. पण त्याहून वाईट मी नंतर केलं. माझ्या भित्रेपणाला मी त्याच्या शिकवणीचं नाव दिलं, आणि त्यानं ते खरं मानलं. अख्ख्या गावाला पोहायला शिकवणारा माणूस तो. अजून लोक पोराबाळांना घेऊन त्याच्याकडे येतात, पण तो कुणालाच शिकवत नाही. परवा विहिरीच्या चार पायऱ्या उतरताना त्याला दोनदा थांबावं लागलं. बसून आम्ही भाकरी सोडली, तेव्हा म्हणाला, "माझं शिकवनंच चुकलं रे. कुनाच्या जिवाशी खेळ नको आता." लिंबाचा पाला पाण्यावर पडलेला होता. पूर्वी तो कधी साचू दिला नाही आम्ही.

तेव्हा सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण तोंडात भाकरीचा घास होता, तो घशातच अडकला.

मी खूण केली नव्हती. त्याआधीच ईराण्णानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला होता. मी पाणी प्यायलो, आणि सोलापूरची एसटी धरली.