पाठीमागचा घोडा

त्याला सगळे नगारा म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. जुन्या शहराच्या नदीकाठाने लोकांना रमतगमत हिंडवून इतिहास सांगायचा, हा त्याचा धंदा. आणि आवाज असा, की पलीकडच्या काठावर बसलेल्या फुकट्यांनाही सगळे राजे पाठ झाले होते. गाईडने देखाव्याकडे पाठ करावी आणि माणसांच्या तोंडाकडे बघावं, देखावा कुठे पळून जातोय, असं तो नव्या पोरांना शिकवी. पोरं समोर माना डोलावत आणि मागे त्याच्या नकला करत.

मग त्याची नजर गेली. पुरती नाही, कडेचं अंधुक दिसे, समोरचं पुसल्यासारखं होई. डॉक्टरांनी हात टेकले. हे फक्त बायकोला ठाऊक. सहली चालवणाऱ्या मालकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी, आणि या माणसाला घरी बसवणं म्हणजे जिवंतपणी मारणंच. म्हणून रोज दुपारी ती पिशवी घेऊन काठावर चक्कर मारी आणि काय बदललं ते संध्याकाळी सांगे: कुठलं बाकडं हललं, कुठली फरशी उखडली, कुठल्या कमानीला परांची बांधली. रस्ता त्याच्या पायांना पाठ होता, बाकीचं ती पुरवी. असं त्यांनी बरीच वर्षं निभावून नेलं.

एकदा जिन्यात तिचा पाय मुरगळला आणि ती अंथरुणाला खिळली. तो मात्र रोज खुशीत घरी येई. हल्ली पुलापाशी लोक पोट धरून हसतात, म्हणे. म्हातारपणी कुठे हात बसला बघ, म्हणे.

पाय टेकवता येऊ लागला तशी ती लंगडत काठावर गेली आणि घोळक्याच्या मागे उभी राहिली. एवढी गर्दी तिने कधी पाहिली नव्हती. पुलाच्या तोंडाशी ब्राँझचा घोडेस्वार असायचा. तो नव्हता, दुरुस्तीला नेला होता. रिकाम्या चौथऱ्यावर एक गवंडी पाय सोडून जेवत बसला होता, आणि त्याच्याकडे पाठ करून, छाती काढून नगारा सांगत होता.

"बघा, काय रुबाब आहे. शत्रू समोर आला तरी चेहऱ्यावरची रेघ हललेली नाही."

गवंड्याने सावकाश घास तोंडात घातला. लोक खो खो हसले. नगारा हसू ओसरेपर्यंत थांबला आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, की आता घोड्याचं पोट बघा, कारागिराने एकेक शीर कोरलीय. गवंड्याने सदरा वर करून पोट दाखवलं. नगाऱ्यानेच शिकवलेली पोरं आपापले घोळके सोडून मोबाईल धरून उभी होती. मेल्यांपैकी एकानेही त्याला सांगितलं नव्हतं.

आणि ती हसली. हसायचं नव्हतं तिला, पण ते पोट बघून निघालंच तोंडातून, चांगलं मोठ्याने. मग तिने तोंडावर हात दाबला, पण काय उपयोग.

तिकिटाच्या खिडकीत तिने मालकाला गाठलं. तो वाईट बोलला नाही, उलट खुर्ची दिली. यांच्या डोळ्यांचं आम्हाला कधीचंच ठाऊक आहे, म्हणाला, घरी बसवणारच होतो. गवंड्याला रोज तिथेच जेवायला त्यानेच सांगितलं होतं.

"आता लोक त्यांच्यासाठीच येतात, वहिनी. कळलं तर ते उभे राहतील का तिथे? बघा बुवा, तुमच्यावर आहे."

ती तडक घरी आली ते सांगायचं ठरवूनच. दोघं मिळून भीक मागू, पण हे नको. तो आला, बूट काढले, खुर्चीत टेकला. तिने चहा पुढे ठेवला आणि तोंड उघडलं, तर तोच आधी बोलला.

"आज तू आली होतीस ना?"

तिने कपाचा कान त्याच्या हाताशी वळवला.

"तुझं हसणं ऐकलं मी. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामावर कधी अशी हसली नव्हतीस. पुढचं क्षणभर विसरलोच मी." त्याचा तो आवाज एवढासा झाला होता. "आवडलं?"

"हो," ती म्हणाली. "छान सांगता तुम्ही."

"मग उद्या पुढे उभी राहा."

दुसऱ्या दिवशी ती पुढे उभी राहिली, आणि गवंड्याने घास उचलला तशी सगळ्यांच्या आधी हसली.