सुनंदाबाईंच्या बोटाची चिंधी

सकाळी कचरा न्यायला आलेल्या सुनंदाबाईंच्या बोटाला आज चिंधी बांधलेली होती. फुलाफुलांच्या जुन्या साडीची असावी. मी सहज विचारलं, "काय लागलं?"

"काल तुमच्या जिन्यातल्या कुणाच्या तरी पिशवीत इन्शुलिनची सुई होती, काका. हात घातला आणि टोचली."

आमच्या जिन्यात इन्शुलिन घेणारा मी एकटाच आहे.

रोज जेवणाआधी माझा केवढा थाट चालतो! स्पिरिटचा बोळा, इन्शुलिनच्या पेनला कोरी सुई, पोटावर कालची जागा सोडून नवी जागा. तरी टोचताना मी डोळे मिटतो आणि बायकोला ऐकू जाईल असा हुस्स करतो. मग तीच सुई भाजीच्या देठांत, चहाच्या चोथ्यात टाकून देतो. माझ्या अंगातून निघालेली सुई आणखी कुणाच्या अंगात जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. गोळ्यांवर भागत होतं तेव्हा निदान माझं दुखणं माझ्यापुरतं होतं.

हातातली आजची पिशवी मी मागे घेतली. तिच्यातही सुई होती.

"ती सुई माझीच होती," मी म्हणालो. "चला, आत्ताच दवाखान्यात जाऊ. मी येतो बरोबर."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या पोटाकडे बघत त्या कळवळून म्हणाल्या, "एकदा टोचली तर दिवसभर ठणकत होतं मला. तुम्ही रोज कसं हो सोसता?"