मापाचा हात

माझ्या हाताला माप आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. अठरा वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपाचं काम करतेय. रोज चारशे ताटं, पण शेवटच्या माणसाआधी पातेलं संपलंय असं कधी झालं नव्हतं. याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू. तो कसा उतरला ते सांगायचं तर आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या ह्यांना चष्म्याच्या दुकानांमधून सगळे 'सव्वानऊ' म्हणतात. वर्कशॉपमध्ये घासून तयार झालेल्या काचा सायकलवरून दुकानोदुकानी पोचवायचं त्यांचं काम. पुलापलीकडच्या पहिल्या दुकानात ते सव्वानऊच्या ठोक्याला हजर. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनीच हे नाव पाडलं. दिवसाकाठी पन्नास किलोमीटर होतात, तेही बावन्नाव्या वर्षी, पण आजवर एक काच फुटलेली नाही. बोलण्यात मात्र माणूस महाकंजूष. पाय दुखत असला तर मला चपलेच्या आवाजावरून ओळखावं लागतं.

जेवणात कंजूष नव्हते हो. संध्याकाळी आले की ताटात भाताचा डोंगर, वर तळलेलं काहीबाही, आणि हात धुता धुता गोड बिस्किटांचा अख्खा पुडा. सायकल मारणाऱ्याला दगडसुद्धा पचतो, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी मालकाने सगळ्या सायकलवाल्यांची तपासणी करून घेतली, तेव्हा वजन आठ किलो जास्त आणि रक्तदाब वर निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सहा महिन्यांत खाली आणा. मला माझे सासरे आठवले.

सासरेही सायकलवरच असायचे, घरोघरी ब्रेड टाकायचे. त्रेपन्नाव्या वर्षी एका सकाळी त्यांनी चढावर सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, दम खातायत. तासाभराने कुणीतरी खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. तेव्हापासून ह्यांनी आपली सायकल कधी भिंतीला टेकवली नाही. कितीही घाई असो, स्टँड पाडूनच लावणार. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, पण मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं. जेवणाला एका माणसाचा भात, त्याच्या दुप्पट डाळ, भाजी भरपूर, तेल बेताचं. अकरा वाजता एक केळं, खिशात मूठभर शेंगदाणे. मी पदर खोचला. बदाम-बिदाम घेणं आपल्या ऐपतीतलं नाही, पण शेंगदाणे आहेत की. बाजार उठायच्या वेळेला डाग पडलेली केळी निम्म्या भावात मिळतात, सालीवरचा डाग काही पोटात जात नाही. जी भाजी स्वस्त ती त्या आठवड्याची भाजी. अंडी एक दिवसाआड. तळण बंद, बिस्किटांचे पुडे बंद. महिन्याचं सामान उलट कमी पैशांत यायला लागलं.

राहिलं माप. ते तर माझ्या घरचंच. कँटीनमध्ये एक ओगराळं म्हणजे एका माणसाचं वाढप, हा आमचा कायदा. त्याच महिन्यात कँटीनच्या ठेकेदाराने सगळी वाकडीतिकडी झालेली ओगराळी काढून नवी कोरी आणली होती. घरासाठी एक मागितलं, तर म्हणाला, न्या की मावशी. मग रोजचं ठरून गेलं. भात एक ओगराळं, डाळ दोन. ह्यांनी ताट पुढे करायचं, मी घालायचं. त्यावर एक शीतही नाही. ह्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

दोन महिन्यांत पाच किलो उतरलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले. चौथ्या महिन्यात अकरा उतरलं तेव्हा मात्र सांगणं बंद केलं. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. चहाचा कप उचलताना ते दुसरा हात कपाखाली धरायचे. सायकल घरात घेताना उंबरठ्याशी थांबायचे. एकदा शेजारणीच्या रेडिओवरून उगाच भडकले, आणि हा माणूस जन्मात कुणावर भडकलेला नाही. मला वाटलं, आलं. सासऱ्यांचं जे होतं ते ह्यांच्या अंगात आलं. विचारायची हिंमत होईना, कारण विचारलं आणि ते हो म्हणाले तर पुढे काय? सकाळी ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी राहायचे आणि दिवसभर कँटीनचा फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे.

जीव असा टांगलेला, त्यातच कँटीनमध्ये माणसं दुसऱ्यांदा रांगेत यायला लागली. एक लेथवाला तर रोजच. एके दिवशी माझा तोल गेला. पोटात विहीर खणलीय का रे, असं मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. बिचारा रिकामं ताट घेऊन मागे फिरला.

आणि मग चष्मेवाल्या बाईंचा फोन आलाच.

"वहिनी, विचारू की नको असं झालं होतं," त्या म्हणाल्या. "सव्वानऊ हल्ली पावणेदहाला येतात. बरे आहेत ना?"

मी त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आहे असं कळवून खाडा केला आणि बसने पुलाच्या पायथ्याशी जाऊन एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीआड उभी राहिले. नऊला दहा कमी असताना हे दिसले. सायकलवर नव्हते, सायकल हातात धरून चालत होते. पुलाच्या भिंतीशी आले, थांबले, आणि सायकल भिंतीला टेकवली. स्टँड न पाडता. मग खाली बसले आणि मान गुडघ्यांवर घातली.

रस्ता वाहत होता, लोक त्यांच्या बाजूने वळसा घालून जात होते, आणि मला वाटत होतं की मी पोचेपर्यंत ते तसेच बसलेले असावेत, पण जिवंत असावेत. गाड्यांमधून कशी पळाले कोण जाणे, एका रिक्षावाल्याने शिवी घातल्याचं तेवढं आठवतंय. मी खांद्याला हात लावला. शर्ट घामाने गार पडला होता. त्यांनी मान वर केली तेव्हा मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"तू इथे कशी?" ते म्हणाले.

पिशवीत केळं होतं, ते सोलून हातात दिलं. दोन घासांत संपवलं त्यांनी. मी दुसरं दिलं. तेही गेलं. मग म्हणाले, "बाबांचंच आहे हे. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

"भूक लागते का तुम्हाला?"

"लागते. जेवून उठलो तरी लागते. पण तू मोजून घालतेस ना, म्हणजे ती भूक खोटीच असणार."

तशीच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. छातीची ईसीजी पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाल्या. माणूस उपाशी आहे. मला राग आला. माझ्या घरात माणूस उपाशी? सगळा हिशेब मी घडाघडा म्हणून दाखवला, भात एक ओगराळं, डाळ दोन.

"एक ओगराळं म्हणजे किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एका माणसाचं."

"मोजून बघितलंय कधी?"

अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ह्यांना घरी निजवून मी दुपारी कँटीनमध्ये गेले. जुनी ओगराळी कोठीत पोत्यात पडली होती. एक काढलं. नवं पाण्याने काठोकाठ भरलं आणि जुन्यात ओतलं. जुनं भरलं नाही. वर तिसरा हिस्सा रिकामा राहिला. तोंड तेवढंच रुंद, दांडा तेवढाच लांब, फक्त बूड उथळ. ठेकेदाराने मुद्दाम तशी करून घेतली होती आणि कोठीतून डाळ-तांदूळही त्याच मानाने कमी सोडत होता, म्हणून माझी पातेली वेळेवर संपत होती. आणि मी वर म्हणत होते, माझ्या हाताला माप आहे. मी तिथेच पोत्यावर बसून रडले. ह्यांच्यासाठी रडले, आणि त्या लेथवाल्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी मी जुनं ओगराळं घेऊन उभी राहिले. अडीचशे ताटांनंतर डाळ संपली आणि रांगेत आरडाओरडा सुरू झाला. ठेकेदार धावत आला. दोन्ही ओगराळी मी कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पाणी मागवलं. लेथवाल्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, जाऊ द्या मावशी. आता जुनी ओगराळी परत आली आहेत. ठेकेदार माझ्याशी बोलत नाही, नको बोलू दे.

घरी मात्र इतकं सोपं झालं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, भूक लागेल तेवढं खा, फक्त तळलेलं आणि गोड सांभाळा. त्या संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखं ताट पुढे केलं. मी जुन्या ओगराळ्याने वाढलं. जेवण झाल्यावर विचारलं, "पुरलं का?" इतकी वर्षं इतक्या ताटांत वाढलं, पण कुणाला हे कधी विचारलं नव्हतं.

"तू घातलंयस ना," ते म्हणाले. "म्हणजे पुरलं."

पुलावर वाटली होती तशीच भीती मला वाटली. मी पातेलं उचललं, त्यांच्यासमोर ठेवलं, ओगराळं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, आजपासून तुमचं तुम्ही घ्या.

त्यांनी ओगराळं डाळीत बुडवलं. वर काढलं. हात पातेल्यावर तसाच थांबला, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"किती घेऊ?" त्यांनी विचारलं.