घासलेला डॉलर

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यापासून आवडले नाही, आणि आवडावं म्हणून मीही फारशी खटपट केली नाही. ते बँकेतून रिटायर झालेले, मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवणारी. मी घरातही वर्गात बोलल्यासारखी बोलते, अशी त्यांची तक्रार होती. त्यात तथ्य असेल. माझी तक्रार एवढीच, की त्यांच्यासमोर घरात कुणी बोललेलंच त्यांना खपत नसे.

त्यांच्याकडे अमेरिकेचे जुने चांदीचे बारा डॉलर होते. त्यांतले काही एका मित्रानं परदेशातून आणून दिलेले. बाकीचे त्यांनी मेळ्याच्या दिवसांत नदीच्या राम घाटावर, कापड पसरून जुनी नाणी विकणाऱ्या एका माणसाकडून घेतलेले. घरी कुणी आलं की चहाच्या आधी डब्बी बाहेर यायची. बाबा प्रत्येक नाण्याला चुंबक लावून दाखवायचे. "पाहा, चिकटत नाही. असली चांदी आहे." मग त्या घाटावरच्या माणसाला भावात कसं नमवलं, ती गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी पाहुण्यांसमोर म्हणाले होते, की तांबं आणि पितळही चुंबकाला चिकटत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी दिलेला चहा ते तसाच गार होऊ देत.

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला डॉलर ताटात मांडले होते. पूजेनंतर ते डब्बीत ठेवताना बाबांनी एक उचलून उजेडात धरला.

"हा माझा नाही."

तो डॉलर खरंच बाकीच्यांपेक्षा चकचकीत दिसत होता.

"माझ्या सगळ्या डॉलरांवर काळपट झाक आहे," बाबा म्हणाले. "हा कुणीतरी बदललाय. अलमारीची किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली माझ्याकडे होती. पूजेची तयारी मीच केली होती.

"बाबा, सरळ विचारा ना, मी चोरला का म्हणून."

"चोरला असं मी म्हणालो नाही. बदललाय, एवढंच म्हणतोय. सराफ्यात तुझ्या ओळखी आहेत."

सराफ्यात माझी ओळख म्हणजे मंगळसूत्र दुरुस्त करून देणारा एक दुकानदार. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

त्या क्षणी मी ठरवलं, की आता सगळेच डॉलर तपासायचे. बाबा म्हणाले, "खुशाल तपास." मी हरेन याची त्यांना खात्री होती.

रविवारी सकाळी शाळेच्या लॅबमधला डिजिटल काटा परवानगी काढून घरी आणला. जेवणाच्या टेबलावर काटा, पाण्याचा ग्लास, दोरा आणि भिंग मांडलं. बाबा समोर हाताची घडी घालून बसले. नवऱ्यालाही मी बसवलं.

आधी नुसतं वजन. या डॉलरचं वजन पावणेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून, डॉलर दोऱ्यानं बांधून त्या पाण्यात अधांतरी धरायचा. काट्यावरचा आकडा जेवढा वाढेल, तेवढं पाणी त्यानं बाजूला सारलं. खरा असेल तर त्याचं वजन त्या पाण्याच्या सव्वादहा पटीच्या जवळ येतं. स्वस्त धातूवर चांदीचा मुलामा असेल तर आठ-नऊ पटीवर थांबतं. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. मुद्दाम सावकाश, नववीच्या वर्गाला सांगावं तसं.

सगळ्यात आधी चकचकीत डॉलर घेतला. वजन बरोबर, पाण्यातलंही बरोबर. भिंगाखाली कडेचे दाते एकसारखे, अक्षरांच्या कडा स्वच्छ. तो खरा होता.

"मग बाकीचे?" बाबा म्हणाले.

तो मित्रानं दिलेल्यांपैकीच होता; त्यातले उरलेले तीनही खरे निघाले. घाटावरून घेतलेले मात्र एकामागून एक आठ-साडेआठवर थांबत गेले. बऱ्याच नाण्यांच्या कडेवर साच्याची बारीक रेघ होती, अक्षरं फुगल्यासारखी. एकावर तर असं साल होतं, ज्या साली तो डॉलर पाडलाच गेला नव्हता. ते मी बाबांना मोबाइलवर दाखवलं. मला आनंद होत होता. ते लपवायची गरज मला वाटली नाही.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे तू एक नाही, आठ बदललेस."

मला वाटलं होतं ते गप्प होतील, निदान घाटावरच्या माणसाला शिव्या देतील. त्यांनी शांतपणे नकली डॉलर एकेक करून माझ्या बाजूला सरकवले.

तेव्हा नवरा बोलला. खाली मान घालून. "बाबा, तो चमकणारा मी घासला होता. पूजेत छान दिसावा म्हणून. भांडी घासायच्या पावडरनं."

"बायकोला वाचवायला खोटं बोलतोस," बाबा म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

मी नवऱ्याला विचारलं, "हे तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"बाबा चिडले असते."

"आणि माझ्यावर चिडले ते?"

तो ग्लासातलं पाणी ओतायला उठला. त्या दिवशीचं त्याचं न बोलणं बाबांच्या आरोपापेक्षा मला जास्त लागलं, अजूनही लागतं. बाबा निदान त्यांच्या मनात असेल ते तोंडावर बोलत होते.

संक्रांतीनंतर आम्ही दोघं शहरातच, नानाखेड्याला भाड्याच्या घरात राहायला आलो. नवरा दर रविवारी बाबांकडे जातो. मी सणावारी जाते, जेवण करून लगेच निघते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, मीही नाही.

उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. बाबांनी नातीला मखमली बटव्यात चार डॉलर दिले, सगळ्यांसमोर चुंबक लावून. चारही घाटावरचे होते. कडेची रेघ मला चार हातांवरूनही दिसली असती.

आठवड्यानं नणंदेचा फोन आला. "वहिनी, खरं सांग, ते डॉलर असली आहेत ना? जावईबापू विचारत होते."

"बाबांना विचारा," मी म्हणाले, आणि कुकरची शिट्टी होते आहे असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता.