भिंतीवर लिहिलेलं आक्काचं बोलणं

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर मी सांगलीतल्या एका बिस्किटाच्या कारखान्यात पेंटर म्हणून लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन भट्ट्या आणि पुढं शेठचं ऑफिस. माझं काम मात्र बाहेरचं. एसटीनं गावोगाव हिंडायचं, रस्त्याकडेची चांगली भिंत हेरायची, घरमालकाच्या हातात दोन पुडे ठेवून परवानगी घ्यायची आणि जाहिरात रंगवायची. कराड, सातारा, वडूज, दहिवडी अशी माझी फेरी असायची.

जाहिरातीत एक गुबगुबीत पोरगं असायचं. शेठ बजावायचे, "गालांत कसर करू नकोस. गाल बघून आईचा हात पिशवीत गेला पाहिजे." आमच्या दुष्काळी माण तालुक्याकडं तसल्या गालांचं पोर मी कधी बघितलं नव्हतं. पण रंगवायचो. रंगवता रंगवता एक हात खिशातल्या पुड्यात असायचा. पुडा कधी संपला ते कळायचं नाही.

माझी आक्का वडूजजवळच्या एका गावात दिलेली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दाजी फौजेत. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सगळ्या रजा मिळून ती दोघं तीन महिने एकत्र राहिली असतील नसतील. सरहद्दीवर फौजा जमायला लागल्या तशी दाजींची पत्रं थांबली, आणि डिसेंबरात लढाई सुरू झाली. पलटण कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वडूजची फेरी आली की मी आक्काकडं जायचो. जाताना कारखान्यातली मोडकी बिस्किटं डबाभर न्यायचो. तिथं गेलं की घरात सारखं काहीतरी शिजत असायचं. आक्काच्या सासूचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून ती चुलीपुढून हलत नव्हती. धपाटी झाली की शेंगदाण्याचे लाडू, लाडू झाले की सांज्याच्या पोळ्या. शेजारणीही पदराखाली वाट्या घेऊन यायच्या. "खा गं पोरी. जवानाची बायकू हायस तू. त्यो आला आन तू वाळकी दिसलीस, तर आमाला काय म्हणंल?" नको म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं. आक्का खायची.

एके दुपारी सोप्यात बसून ती माझ्या डब्यातले तुकडे खात होती. नजर रस्त्याकडं, हात डब्यात. मी हसून म्हटलं, "लय खातीस की गं आक्का."

"भूक न्हाई रं," ती म्हणाली. "जिवाला चैन पडंना झालं की दोन खाते. चघळूस्तवर बरं वाटतं. मग परत हायच."

मी ते ऐकलं आणि एसटी पकडायला पळालो.

त्याच आठवड्यात शेठनी मला ऑफिसात बोलावलं. "चविष्ट, पौष्टिक सगळेच लिहितात," ते म्हणाले. "काहीतरी नवीन पाहिजे. तू गावोगाव फिरतोस. बायका बिस्कीट कधी खातात, का खातात, सांग बघू."

मी विचारही केला नाही. आक्काचं बोलणं तसंच्या तसं सांगून टाकलं. शेठनी चहाची बशी खाली ठेवली. कागदावर दोन-तीनदा खाडाखोड केली आणि मोठ्यानं वाचलं, "जिवाला चैन नाही? दोन खा, बरं वाटेल!" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे लिही. सगळीकडं हेच लिही." मला नवे ब्रश मिळाले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

पंधरा दिवसांत मी बारा भिंती रंगवल्या. साताऱ्यात एका हॉटेलसमोर रंगवत होतो तेव्हा आत रेडिओवर लढाईच्या बातम्या चालल्या होत्या. माणसं दाटीनं उभी राहून ऐकत होती आणि ऐकता ऐकता भज्यांच्या बश्या रिकाम्या होत होत्या. नवी बशी मागवताना कुणाचं तोंड हसरं नव्हतं. शेजारचा दुकानदार मला म्हणाला, "आवं पेंटर, तुमचं ते वाक्य लय लागू पडलंय. ज्यांची माणसं फौजेत हायत, त्या घरची बायामाणसं रोज पुडं नेत्यात." त्यानं ते कौतुकानं सांगितलं. शिडीवर उभं राहवेना, खाली उतरलो, परत चढलो. शेवटी खिशातला पुडा फोडला.

लढाई थांबली. गावोगाव पेढे वाटले. दाजींचं पत्र मात्र आलं नाही. पोस्टात चौकशी करायला आक्का सासूला घेऊन वडूजला आली, आणि मी नेमका स्टँडसमोरच्या भिंतीवर शेवटचा हात फिरवत होतो. मला बघून ती जवळ आली. तोंड उघडणार तोच तिची नजर वर गेली. अक्षर अक्षर लावत तिनं सगळं वाचलं. मी वरून बघत होतो. तिच्या झंपराला दोन्ही कुशींत दुसऱ्या रंगाचं कापड जोडलेलं होतं. इतक्या खेपा तिच्याकडं जाऊनही ते मला दिसलं नव्हतं.

"हे माझं बोलणं हाय," ती म्हणाली.

"आक्का, तुझं नाव कुठं लिवलंय त्यात?"

"तुला सांगितलं हुतं मी. भिंतीला न्हवं." तिचा आवाज चढला नाही. सासू दोन पावलांवर उभी होती, तिच्याकडं न बघता आक्का बोलत राहिली. "सासू खाया घालती, शेजारणी खाया घालत्यात, तू डबा घिऊन येतोस. पोटात काय पेटलंय ते एकानं तरी इचारलंय का रं? पूस ते भिंतीवरलं."

"शेठ काय म्हणंल?"

"आत्ता पूस."

ती वळून सासूला घेऊन पोस्टाकडं निघून गेली. मी चुन्याची बादली उचलली आणि सगळ्या भिंतीवर हात मारला. पोराचे गालही त्यात गेले.

शेठना खरं ते सांगितलं. ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. "एक भिंत गेली तर गेली," ते म्हणाले. "दुसरी बघ. वाक्य तेच राहू दे. लोकांना पटलंय ते." मी मान हलवली. पुढं दोन महिने मी तेच वाक्य रंगवत राहिलो. आक्काकडं गेलो नाही. झोपताना वाक्य, उठताना वाक्य. एसटीच्या खिडकीतून माझीच भिंत दिसली की मी मान फिरवायचो आणि हात खिशात जायचा. माझ्याही विजारीची बटणं लागेनाशी झाली. मग एक दिवस ब्रश शेठच्या टेबलावर ठेवले आणि साताऱ्यात येऊन ट्रकच्या मागच्या फळ्या आणि दुकानांच्या पाट्या लिहायला लागलो.

दाजींचं पत्र जानेवारीतच आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, ते पुण्याच्या इस्पितळात होते. मार्चमध्ये घरी आले, तसा मीही परत तिकडं जायला लागलो. आता सगळं ठीक होईल असं आम्हाला वाटलं. पण आक्काचं खाणं थांबलं नाही. ती दाराआड उभी राहून खायची. दाजी अंगणात गप्प बसून असायचे आणि त्यांच्याही पुढं सासू ताट वाढून ठेवायची.

उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच तिच्याकडं काही न घेता गेलो. सासूनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि चुलीकडं वळली. आक्का सोप्यात मटकी निवडत होती. मी समोर बसलो. मीही मूठभर मटकी निवडायला घेतली. शेवटी विचारलं, "आक्का, तवा तुला काय वाटत हुतं गं?"

तिनं सूप खाली ठेवलं. पोस्टमनची घंटी वाजली की ती गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्याला मिठी मारून उभी राहायची, असं तिनं सांगितलं. मग आत सासूची चाहूल घेतली आणि हळूच म्हणाली, "एक दिवस वाटलं, यिऊ दे ती फौजेची तार. एकदाची यिऊ दे, म्हंजी वाट बघनं तरी संपंल. असं वाटलं मला. माझ्या माणसाबद्दल."

ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, मी आता काय म्हणतो म्हणून. उठून बाहेर जावं असं वाटत होतं, पाय तिकडंच ओढत होते. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि पुढचं सांगू लागली.