रिकामी टोपली

लोणावळा स्टेशनामागे आमच्या शेजारी अजीजुन्निसा राहायची. आम्ही तिला अज्जूमावशी म्हणायचो. बाई जीव लावणारी, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिच्या कोंबड्यांची अंडी ती दर गुरुवारी टोपलीत भाताच्या तुसात रचायची आणि टोपली स्टेशनावरच्या हमालाच्या, नसीरच्या हवाली करायची. टोपली रेल्वेने मुंबईला, डोंगरीच्या उम्मेहानीकडे जायची. मध्ये ना दलाल ना दुकान; पैसे नसीरच्याच हाती यायचे.

दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. लिहिता-वाचता दोघींनाही येत नव्हतं. पण टोपली परत येताना रिकामी यायची नाही, हा उम्मेहानीचा शिरस्ता. कधी चार नानखटाया, कधी दोऱ्याचं रीळ, कधी मूठभर खारका. ते हाताला लागलं की मावशी दिवसभर खुशीत. नऊ वर्षं हे चाललं.

१९१८ च्या पावसाळ्यानंतर एकदा टोपली रिकामी आली. मावशीने ती उलटी करून झटकली. नुसतं तूस पडलं.

"मुंबईत तापाची साथ हाय, मावशी," नसीर म्हणाला. "लय मान्सं चाललीत."

"म्हून मला इसरायचं व्हय? एक खारीक जड झाली तिला?"

तीन गुरुवार तिने टोपली पाठवलीच नाही. अंडी बंगल्यांवरच्या खानसाम्यांना विकली. आम्ही समजवायला गेलो, तर आमच्यावरच डाफरली.

चौथ्या गुरुवारी उम्मेहानीचा नवरा इनायत दारात येऊन उभा राहिला.

"ती गेली, शुक्रवारी," तो म्हणाला. "डॉक्टरांनी दुधातून अंडं द्यायला सांगितलं होतं. बाजारात कुठे मिळेना. दर गुरुवारी विचारायची, लोणावळ्याची टोपली आली का?"

 मावशी म्हणाली, "मागली टोपली रिकामी आलती, भाऊ."

"तिनंच सांगितलं तसं. मी नानखटाई ठेवत होतो, तर माझा हात धरला. म्हणाली, या घरातलं काही घालू नका, माझा ताप तिच्या घरी जाईल."

 मला मावशीची दया आली आणि तिचा संतापही आला. आजही दोन्ही येतं.

पुढे ती मरेपर्यंत इनायतला अंडी पाठवत राहिली. तो बापडा पुरुषमाणूस, टोपली रिकामीच धाडायचा. तरी मावशी आत हात घालून तळ चाचपायची.

"आता काय सोधतीस, मावशी?" नसीरने एकदा विचारलं.

"माझ्यासाठीच तिनं रिकामी धाडलती रं," ती म्हणाली. "आन मी झटकून टाकली."